स्वस्त चिनी मोटार : खिसा, स्वदेशी आणि सुरक्षा

चीनमध्ये तयार झालेल्या स्वस्त विजेरी मोटारी भारतात मोकळेपणाने येऊ द्याव्यात काय, हा प्रश्न वरकरणी दिल्लीतील अर्थ आणि वाणिज्य मंत्रालयांच्या अखत्यारीतला आहे. परंतु गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या मुंबईत त्याला आणखी बरेच पदर आहेत. परदेशी कापडाची होळी याच भागाने पाहिली, गिरण्यांच्या भोंग्यावर आपले घड्याळ लावले आणि त्याच गिरण्या बंद पडतानाही पाहिल्या. लोहार चाळीतील चिनी दिव्यांच्या माळा आणि लॅमिंग्टन रोडवरील चिनी सुटे भाग यांचा ग्राहकही हाच. साहजिकच स्वस्त चिनी माल हवा की नको, याचे उत्तर येथे एका शब्दात मिळत नाही.

शुल्काची भिंत

चिनी मोटारींवर भारतात बंदी आहे, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. अडसर आहे तो आयात शुल्काचा. परदेशात पूर्ण तयार झालेल्या आणि ४० हजार डॉलरपर्यंत किंमत असलेल्या मोटारीवर २०२३ च्या अर्थसंकल्पाने ७० टक्के शुल्क ठेवले. त्याहून महाग मोटारीवरचा एकूण बोजा शंभर टक्क्यांच्याही वर जातो. हे शुल्क सर्वच देशांतील मोटारींना लागू होते. तथापि त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो स्वस्त मोटारीला, कारण स्वस्ताई हेच तिचे बलस्थान असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. चीनच्या बीवायडी कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये 'सीगल' ही छोटी विजेरी मोटार त्या देशात ७३,८०० युआनला बाजारात आणली. तेव्हाच्या विनिमय दराने ही किंमत नऊ लाख रुपयांच्या आत होती. एवढ्या किमतीवर ७० टक्के शुल्क आणि वर विजेरी वाहनांवरील ५ टक्के जीएसटी धरला, तर आकडा साडेपंधरा लाखांच्या पुढे जातो. जहाजाचे भाडे, विमा आणि विक्रेत्याचा नफा वेगळा. हा हिशेब ढोबळ असला, तरी दिशा कळण्यास पुरेसा आहे. टाटांची विजेरी टियागो सप्टेंबर २०२२ मध्ये ८ लाख ४९ हजार रुपयांपासून बाजारात आली होती. म्हणजे जी गाडी चीनमध्ये टियागोची थेट प्रतिस्पर्धी ठरली असती, ती मुंबईच्या बंदरात उतरेपर्यंत वरच्या वर्गात जाऊन बसते.

बीवायडीने भारतात आणलेल्या गाड्याही त्यामुळे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच्या राहिल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्या 'अॅटो ३' ची किंमत ३३ लाख ९९ हजार होती. जुलै २०२४ मध्ये आलेली तिची स्वस्त आवृत्तीही २४ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली.

बोलणे एक, खरेदी दुसरी

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान हुतात्मा झाले. देशभर चिनी मालावर बहिष्काराची हाक दिली गेली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्या संतापाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र मोटारींच्या बाजारात पुढे जे घडले, ते वेगळेच होते.

एमजी हे नाव मूळचे ब्रिटिश. त्याची मालकी शांघायच्या सरकारी एसएआयसी कंपनीकडे आहे. सज्जन जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यू समूहाने भारतातील या व्यवसायात ३५ टक्के वाटा घेतला आणि गुजरातमधील हालोल येथे गाड्यांची निर्मिती सुरू राहिली. २०२३ मधील 'कॉमेट' आणि सप्टेंबर २०२४ मधील 'विंडसर' या दोन्ही विजेरी गाड्यांचा मूळ आराखडा चीनमधील वुलिंगच्या गाड्यांचा. विंडसरची किंमत ९ लाख ९९ हजारांपासून ठेवण्यात आली आणि बॅटरीचे भाडे दर किलोमीटरमागे वेगळे आकारण्याची सोय देण्यात आली. पुढील कित्येक महिने ही देशातील सर्वाधिक खपाची विजेरी मोटार ठरली.

बेस्टच्या प्रवाशाचा अनुभवही असाच आहे. मुंबईत २०१७ च्या अखेरीस ज्या पहिल्या विजेरी बस धावू लागल्या, त्यांच्यामागे बीवायडीचे तंत्रज्ञान होते. हैदराबादच्या ज्या कंपनीने त्या पुरवल्या, ती पुढे ऑलेक्ट्रा या नावाने ओळखली जाऊ लागली. गारेगार आणि आवाज न करणाऱ्या बसमध्ये चढताना तिच्या मोटरचे मूळ कोठले, हे कोणी विचारले नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. गाडी भारतात बनलेली असेल, तिच्यावर भारतीय भागीदाराचे नाव असेल आणि किंमत परवडणारी असेल, तर चिनी मूळ ग्राहकाला फारसे खुपत नाही. चीनमधून थेट जहाजाने आलेल्या गाडीबद्दलचा संशय मात्र कायम आहे. येथील लोकमताची खरी विभागणी आयात आणि निर्मिती या दोहोंमध्ये आहे, असे म्हणता येईल.

तळेगावात हुकलेला डाव

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचाच एक अनुभव आहे. पुण्याजवळच्या तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये केला. पुढच्याच महिन्यात या कंपनीने दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात 'ओरा आर वन' ही छोटी विजेरी मोटार मांडली. जगातील सर्वांत स्वस्त विजेरी मोटारींमध्ये तिची गणना होत होती. १५ जून २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत राज्य सरकारने ग्रेट वॉलसह तीन चिनी कंपन्यांशी सामंजस्य करार केले. एकूण गुंतवणूक पाच हजार कोटींच्या घरात होती आणि त्यात ग्रेट वॉलचा वाटा ३,७७० कोटींचा. गलवानची चकमक झाली ती त्याच रात्री. काही दिवसांतच तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी हे करार 'जैसे थे' ठेवल्याचे जाहीर केले.

त्याआधीच, एप्रिल २०२० मध्ये, भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस केंद्राची पूर्वपरवानगी सक्तीची झाली होती. ग्रेट वॉलला ती मिळाली नाही. वारंवार मुदतवाढ देऊनही अखेर ३० जून २०२२ रोजी व्यवहार संपुष्टात आला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातील उत्पादन थांबले होते आणि हजाराहून अधिक कामगारांवर गदा आली. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या.

राष्ट्रहिताच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता, असे मानणारे अनेक आहेत. त्याची किंमत मात्र तळेगावच्या कामगारांनी मोजली, हेही नाकारून चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये बीवायडी आणि हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग यांच्या सुमारे एक अब्ज डॉलरच्या प्रस्तावालाही केंद्राने नकार दिला.

स्वदेशीची परंपरा, गिरण्यांचा धडा

३१ जुलै १९२१ रोजी, लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला, परळच्या एलफिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या हस्ते परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० रोजी गिरणी कामगार बाबू गेनू याने गिरगावला लागून असलेल्या काळबादेवीत परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकसमोर उभे राहून प्राण दिला. स्वस्त परदेशी माल म्हणजे येथील माणसाच्या पोटावर पाय, हे समीकरण या वस्त्यांच्या हाडीमांसी रुजले आहे. चाकण, पिंपरी, तळेगाव, नाशिक या पट्ट्यातील वाहन उद्योग ज्यांच्या घरातील मुलांना नोकऱ्या देतो, त्यांना आयातीची भीती वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

पण गिरणगावाचा इतिहास येथेच संपत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा अनेक गिरण्यांतील यंत्रे जुनाट झाली होती. परदेशी कापड बाजारात येऊ न देणाऱ्या धोरणानेही त्या गिरण्या वाचल्या नाहीत. मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घातला नाही आणि पुढे जमिनीचा भाव कापडाच्या भावापेक्षा मोठा ठरला. संरक्षण मिळूनही उद्योग सुधारला नाही, तर शेवटी कामगारच उघडा पडतो, असा याचा अर्थ.

मोटारींचेही तेच झाले. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, मिळवण्यासाठी एके काळी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्पर्धा नसल्याने गाडीत बदलही नसे. डिसेंबर १९८३ मध्ये जपानी तंत्रज्ञानाची मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी पुढेही रस्त्यावर राहिली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्याबद्दल हळहळ वाटली, तरी त्या प्रतीक्षेच्या काळात परत जावे, असे कोणी म्हणणार नाही. मारुतीचे उदाहरण आणखी एक गोष्ट सांगते. जपानी गाडी येथे आली ती कारखान्यासह आणि सुट्या भागांच्या उद्योगासह आली.

सुरक्षेचा मुद्दा

आजची मोटार म्हणजे चाकांवरचा संगणक आहे. ती कोठे जाते, कोणाचा फोन तिला जोडला जातो, याची माहिती ती साठवते. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये इंटरनेटशी जोडलेल्या मोटारींतील चिनी संगणकप्रणालीवर निर्बंध घातले ते याच कारणाने. नौदलाची गोदी, मंत्रालय आणि शेअर बाजार ज्या शहरात काही मैलांच्या अंतरात आहेत, त्या शहराने हा प्रश्न हसण्यावारी नेता कामा नये.

तथापि गाडी न घेतल्याने परावलंबन संपत नाही. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या आणि चाकणला तयार होणाऱ्या विजेरी गाड्यांत बीवायडीचे सेल आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणताच बजाज ऑटोला 'चेतक' या विजेरी स्कूटरचे उत्पादन घटवावे लागण्याचा इशारा द्यावा लागला. पाटी पुण्याची असली, तरी आतला प्राण चिनी असतो, ही वस्तुस्थिती आहे.

जगाने काय केले?

अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये चिनी विजेरी मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेहमीच्या १० टक्क्यांवर कंपनीनिहाय जादा शुल्क बसवले. बीवायडीला १७ टक्के, तर एसएआयसीला ३५.३ टक्के. चीनचे सरकार या उद्योगाला अवाजवी अनुदान देते, हा युरोपचा आक्षेप. याउलट शेजारच्या नेपाळने विजेरी गाड्यांवरील कर कमी ठेवला आणि तेथील रस्त्यांवर चिनी विजेरी मोटारींची गर्दी झाली. मात्र नेपाळला स्वतःचा मोटार उद्योग नाही आणि जलविद्युत मुबलक आहे. महाराष्ट्राची स्थिती नेमकी उलट आहे.

गाडी लावायची कोठे?

लालबाग-परळच्या चाळीत किंवा गिरगावच्या उपकरप्राप्त इमारतीत राहणाऱ्याच्या दृष्टीने किमतीइतकाच मोठा प्रश्न जागेचा आहे. रात्री गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. तिसऱ्या मजल्यावरून तारेने ती चार्ज करणे शक्य नाही आणि सुरक्षितही नाही. दादरला कोहिनूर येथील सार्वजनिक वाहनतळावर २०२१ मध्ये चार्जिंग केंद्र सुरू झाले. पण अशी केंद्रे घराच्या हाकेच्या अंतरावर असल्याखेरीज स्वस्त विजेरी मोटारीचा लाभ पुनर्विकसित टॉवरमधील रहिवाशालाच अधिक मिळेल. गाडीसाठी जागा असल्याचा पुरावा नसेल तर नोंदणीच करू नये, असे धोरण परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये मांडले होते. ते कठोरपणे राबवले गेल्यास चाळकऱ्याला शुल्कमाफीचाही उपयोग होणार नाही.

मधला मार्ग

केंद्राने मार्च २०२४ मध्ये एक योजना आणली. तीन वर्षांत किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवून भारतात कारखाना काढणाऱ्या कंपनीला वर्षाला आठ हजारांपर्यंत विजेरी मोटारी १५ टक्के शुल्कात आणण्याची मुभा त्यात आहे. परंतु ही सवलत ३५ हजार डॉलर आणि त्याहून महाग गाड्यांसाठी आहे. म्हणजे श्रीमंताच्या गाडीला दार किलकिले झाले, सामान्यांच्या गाडीला नाही.

एकंदरीत पाहता, सरसकट आयात आणि सरसकट बंदी या दोन्ही टोकांना या वस्त्यांचा अनुभव साथ देत नाही. बाबू गेनूचे बलिदान स्थानिक रोजगाराचे मोल सांगते, तर बंद गिरण्यांच्या चिमण्या संरक्षणाच्या आड सुस्तावलेल्या उद्योगाचा शेवट दाखवतात. चिनी तंत्रज्ञान घ्यायचेच, तर ते येथील कारखान्यात, बहुसंख्य भारतीय मालकीत, माहितीच्या सुरक्षेची कडक तपासणी करून आणि सेलपासून चुंबकापर्यंतचे भाग ठरावीक मुदतीत येथे बनवण्याच्या अटीवर घ्यावे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. आणि देशी कंपन्यांना शुल्काचे कवच द्यायचे, तर ते किती वर्षे, हेही आधीच सांगितले पाहिजे. कवच कायमचे झाले की त्याची किंमत ग्राहक भरतो आणि ते अचानक काढले की कामगार.