इटियाडोहच्या लाभक्षेत्रातील रोषणाई : टेंभा ते पिक्सेल

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास उभे राहिलेले इटियाडोह धरण धानाच्या शेतीसाठी बांधले गेले, आणि त्याच्या कालव्यांचे पाणी तालुक्यातील बांध्यांपासून, म्हणजे धुऱ्यांनी चहूबाजूंनी अडवलेल्या धानाच्या लहान शेतांपासून, पुढे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-आरमोरीच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते. हा सारा प्रदेश झाडीपट्टीचा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान घरी येऊ लागले की गावोगावी मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. देसाईगंज ऊर्फ वडसा हे या व्यावसायिक नाटकमंडळांचे केंद्र असून हंगामाची नोंदणी तेथेच होते. या रंगभूमीच्या संहितांचा, गायकीचा आणि नटांचा अभ्यास झाला आहे, ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली. मात्र जी कला मुळात रात्रीचीच आहे तिच्या उजेडाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. हा उजेड कसा बदलत गेला, यापेक्षा त्याची दोरी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न या इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरतो.

आजच्या नाटकाआधी या भागात दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार रुजलेले होते. त्या काळचा उजेड टेंभ्याचा, म्हणजे काठीला चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेल्या मशालीचा. तेल करंजाचे, जवसाचे किंवा मोहाच्या बियांचे, कारण ते जंगलातून आणि शेतातून घरच्या घरी मिळत असे. टेंभा धरणाऱ्याला खेळ पाठ असणे आवश्यक होते. सोंग जिकडे वळेल तिकडे त्याने सरकावे, विनोदी पात्राच्या तोंडापाशी ज्योत न्यावी, गर्दीतून पात्र येत असेल तर पुढे होऊन वाट दाखवावी, अशी ती जबाबदारी होती. महाराष्ट्रातील सोंगांच्या परंपरेत राळेचा वापरही होत असे. राळ म्हणजे झाडाच्या वाळलेल्या डिंकाची बारीक पूड, जी पेटत्या ज्योतीवर फेकली की क्षणभर मोठा भडका उडतो आणि राक्षसाचा किंवा देवाचा प्रवेश त्या भडक्यात होतो. प्रकाशयोजनेत ज्याला आज ‘इफेक्ट’ म्हणतात त्याचा हा अस्सल देशी पूर्वज होय. मूठभर पूड फेकायची वेळ अर्ध्या पळाने चुकली तर राक्षस अंधारात येऊन उभा राहतो आणि भडका मागाहून उडतो, तेव्हा राळ फेकणाऱ्याचे कसब हातापेक्षा कानात असे, आणि ते ढोलकीशी बांधलेले असे.

त्यानंतरची गॅसबत्ती कसबाच्या दृष्टीने पीछेहाटच म्हणावी लागेल. ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये बत्तीची जाळी शोधली आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉकेलवर चालणारी पेट्रोमॅक्स तयार झाली. टाकीत पंपाने हवा भरायची, दाबाखालच्या रॉकेलची तापल्या नळीत वाफ व्हायची आणि थोरियम व सेरियम या धातूंच्या क्षारांत भिजवलेली कापडी जाळी त्या ज्वाळेत पांढरीशुभ्र तळपायची. पहिल्या ज्वलनातच कापड जळून जाते आणि जाळीचा नुसता राखेचा सांगाडा उरतो, म्हणून बत्ती हलवताना एका धक्क्याने जाळी झडे. साहजिकच गॅसबत्ती एकदा टांगली की टांगली. उजेड कित्येक पटींनी वाढला, मागच्या रांगेला नटाचा चेहरा दिसू लागला, रंगवलेले पडदे खुलले; पण उजेड जागचा हलेना आणि कमी-जास्तही होईना. रंगीत दृश्यासाठी चंद्रज्योत, म्हणजे रंगीत जाळाचे दारूकाम, लावण्याची शहरी नाटकांतील युक्ती तेवढी हाताशी राहिली.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खेड्यांपर्यंत तारा पोहोचल्या. इटियाडोहचे पाणी आणि वीज या दोन्ही गोष्टी या टापूत साधारण एकाच पिढीने पाहिल्या. नाटकांना याचा लाभ दुहेरी झाला, कारण पाण्याने धान वाढले, म्हणजे मंडईला खर्च करण्याची ऐपत वाढली, आणि विजेने मंडप उजळला. विदर्भात मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे आणि दिवे भाड्याने देणाऱ्या दुकानास ‘बिछायत केंद्र’ म्हणतात. रोषणाईचा धंदा या केंद्रांच्या आश्रयाने उभा राहिला आणि त्यातला कारागीर बहुधा वायरमनच असे.

या वायरमनपाशी साधने जेमतेम असत, पण युक्त्यांना तोटा नव्हता. त्यांतील दोन सविस्तर सांगण्यासारख्या आहेत. पहिली मिठाच्या पाण्याच्या डिमरची. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड हळूहळू मंद वा तेज करणारे साधन. विकतचा डिमर परवडत नसलेल्या भारतभरच्या हौशी व फिरत्या नाटकमंडळांनी तो चिनी मातीच्या बरणीत तयार केला. बरणीत मिठाचे पाणी, तळाशी धातूची एक पट्टी, वर लाकडी दांड्याला बांधलेली दुसरी, आणि दिव्याचा प्रवाह या दोन पट्ट्यांमधून नेलेला. वरची पट्टी खाली सोडली की पाण्याचा अडथळा कमी होऊन दिवा उजळतो, उचलली की मावळतो. तासाभरात पाणी कोमट होते, त्याचा गुणधर्म बदलतो, म्हणून पहिल्या अंकात दांडा जिथे धरला तिथेच तो तिसऱ्या अंकात धरून चालत नाही. उघड्या बरणीतल्या पाण्यात २३० व्होल्ट खेळत असल्याने ही युक्ती जिवावरची होती, आणि तिचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

दुसरी युक्ती ट्यूबलाइटच्या स्टार्टरची. स्टार्टरच्या लहान डबीत वायूने भरलेली काचेची कुपी असते आणि तिच्यात उष्णतेने वाकणारी जोडधातूची पट्टी. प्रवाह सुरू होताच वायू मंद उजळतो, त्या उष्णतेने पट्टी वाकून संपर्क जुळतो. संपर्क जुळताच वायू विझतो, पट्टी थंड होऊन सरळ होते आणि संपर्क तुटतो. हाच स्टार्टर साध्या बल्बच्या वाटेत जोडला तर बल्ब लुकलुकू लागतो, आणि महत्त्वाचे म्हणजे ठरावीक ठोक्याने लुकलुकत नाही. ही अनियमितता चुलीच्या जाळाला, स्मशानाच्या चितेला, वादळातल्या विजेला नेमकी शोभते. चार स्टार्टर आणि लाल-पिवळ्या जिलेटिन कागदांआड चार बल्ब एवढ्या सामग्रीवर जळते घर दाखवता येई. बंगालमध्ये तापस सेन यांनी १९५९ साली ‘अंगार’ नाटकात खाणीत पाणी भरल्याचे दृश्य केवळ प्रकाशातून साकारले आणि भारतीय नाट्यप्रकाशाच्या इतिहासात ते गाजले. त्यामागची दृष्टी आणि स्टार्टरवाल्या वायरमनची दृष्टी यांत जात वेगळी नाही, फरक प्रशिक्षणाचा आणि नोंद होण्याचा आहे.

मंडपाच्या कमानीवरचा धावता उजेड ही स्वतंत्र शाखा होती. लहान बल्बची माळ साधी असते: सहा व्होल्टचे सुमारे अडतीस बल्ब एकापुढे एक जोडले की घरगुती विजेचा दाब त्यांच्यात वाटला जातो, आणि एक उडाला की सगळी माळ विझते. अशा अनेक माळा पाळीपाळीने लावल्या-विझवल्या की उजेड धावल्याचा भास होतो. पश्चिम बंगालमधील चंदननगर येथे यासाठी फिरत्या लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकत, आणि रूळ फिरेल तशा निरनिराळ्या माळा पेटत. पुढे अमेरिकेत १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ ही ठोके देणारी चिप आणि ते ठोके मोजून दहा वाटांवर क्रमाने वाटणारी ४०१७ ही चिप या जोडीने रुळाची जागा घेतली. हा ‘चेसर’ भारतात आयटीआय आणि तंत्रनिकेतनातील मुलांचा हमखास प्रकल्प झाला. पण चेसरबरोबर एक गोष्ट निसटली. सर्किट डाखाने पक्के केले की उजेडाचा क्रमही पक्का झाला. त्या रात्री मंडपात काय चालले आहे याच्याशी त्याचा संबंध उरला नाही.

एलईडीने हा बदल टोकाला नेला. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये दाखवला, तरी तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकातच साध्य झाला, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळत नसल्याने त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. भारतात सरकारी खरेदीतल्या एलईडी बल्बची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली. रोषणाईच्या धंद्यात मात्र खरी उलथापालथ केली ती बाजारात ‘पिक्सेल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या दिव्याने. यात लाल, हिरवा व निळा असे तीन एलईडी आणि त्यांचा कारभार पाहणारी चिप एकत्र असते. नियंत्रकाकडून येणाऱ्या माहितीतील पहिले २४ बिट प्रत्येक पिक्सेल स्वतःसाठी ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याकडे सोडतो, त्यामुळे एकाच तारेवरच्या शेकडो दिव्यांना प्रत्येकी वेगळा रंग देता येतो. तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर अशा रंगछटा एक कोटी सदुसष्ट लाखांच्या घरात जातात.

संगणकाच्या कॅबिनेटमधली रोषणाई हे याच पिक्सेलचे भावंड आहे. शतक बदलताना हौशी लोक कॅबिनेटला खिडकी कापून आत कॅथोडच्या रंगीत नळ्या बसवत. आता काचेची बाजू असलेली कॅबिनेटे आणि दिव्यांचे पंखे तयारच मिळतात, तर मनाजोगा परिणाम हवा असलेले तरुण पट्टी, नियंत्रक आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम घेऊन बसतात. पिक्सेल पट्टीला पाच व्होल्टची तीन पिनांची जोडणी लागते, सगळे दिवे एकदम एकाच रंगाचे होणाऱ्या जुन्या पट्टीला बारा व्होल्टची चार पिनांची. पाचाच्या पट्टीला बाराचा दाब दिला तर ती तत्क्षणी जळते. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे. भंगारात निघालेल्या संगणकाचा वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, पाच आणि बारा दोन्ही व्होल्ट देतो आणि त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडली की संगणकाशिवायही चालू होतो, त्यामुळे माळांसाठी तो फुकटात मिळालेला स्रोत ठरतो.

या कामातल्या अडचणी मात्र जुन्याच कसबाची आठवण देतात. पाच मीटरच्या पट्टीवर पांढरा रंग लावला की टोकाकडचे दिवे तांबूस दिसू लागतात, कारण तारेत दाब घटतो आणि निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त दाब लागतो. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या टोकालाही वीज देणे. मंदावणे त्याहून नाजूक आहे. एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून त्याचा उजेड कमी भासवला जातो; पण आकडा २५५ वरून एकेक पायरी शून्यावर आणला तर डोळ्याला बराच वेळ काही बदल जाणवत नाही आणि शेवटी दिवा एकदम कोसळतो, कारण अंधुक उजेडातले फरक डोळा अधिक बारकाईने टिपतो. म्हणून उताराचे गणित वेगळे मांडून ते प्रोग्राममध्ये घालावे लागते. बरणीवर बसलेला माणूस पट्टी उचलताना शेवटच्या बोटभर अंतरात हात आपोआप संथ करी. त्याने ते गणित कधी मांडले नव्हते.

झाडीपट्टीच्या नाटकात यामुळे पिक्सेलला कमानीवर आणि मंडपावर जागा मिळावी आणि रंगमंचावर मात्र बटणांवरचा माणूस राहावा, हेच योग्य आहे. येथील प्रयोग घड्याळावर चालत नाही: पदाला ‘वन्समोअर’ मिळतो, विनोदी नट प्रेक्षकांच्या हशावर प्रवेश लांबवतो, एखादी लावणी दोनदा होते. आधीच लिहून ठेवलेला उजेड अशा रात्री नटाच्या पुढे धावत सुटेल. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये तो दोष ठरत नाही, कारण तिथे उजेडाला कोणाच्या मागे जायचे नसते.

टेंभ्याची आणि राळेची माहिती सांगणारे आता विरळा उरले असले, तरी विजेच्या पहिल्या पिढीची साधने अजून हाती लागण्यासारखी आहेत. अर्जुनी मोरगाव, वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी येथील बिछायत केंद्रांच्या गोदामांत जुने स्विचबोर्ड, हाताने डाखलेले चेसर, रंगीत काचांच्या पेट्या दिसल्या तर त्या भंगारात जाण्याआधी त्यांची छायाचित्रे आणि वापरणाऱ्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवाव्यात. झाडीबोलीचे शब्द आणि गाणी गोळा करणारे अभ्यासक या प्रदेशात आहेत, २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठही आहे. वायरमनच्या वह्या त्यांच्या संग्रहात यायला हव्यात.