राखून ठेवलेला वाटा : मध्य युरोपातील वृद्धनिर्वाहाचे करार

वार्धक्यातील शुश्रूषेच्या खर्चाची आगाऊ तरतूद करणे ही आधुनिक काळाने निर्माण केलेली गरज असून, पूर्वी कुटुंबसंस्था बळकट असल्यामुळे तिचा प्रश्नच उद्भवत नसे, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. जर्मनी, ऑस्ट्रिया, बोहेमिया व स्कँडिनेव्हिया या प्रदेशांतील शेतकरी कुटुंबांचा इतिहास पाहता हे गृहीत टिकत नाही. तेथे बाप आपली शेती मुलाच्या स्वाधीन करी तेव्हा स्वतःच्या उरलेल्या आयुष्याची व्यवस्था कलमवार लिहून घेत असे.

या व्यवस्थेची नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. जर्मन भाषेत तिला 'आल्टनटाइल', म्हणजे वृद्धांचा वाटा, म्हणतात. ऑस्ट्रियाकडील 'आउसगेडिंगे' या शब्दाचा अर्थ बोली करून राखून ठेवलेले असा होतो. स्वीडिश 'उंडानताग' म्हणजे वगळलेली वस्तू. आजही त्या भाषेत 'अपवाद' या अर्थी हाच शब्द चालतो. जुन्या 'लाइबत्सुख्त' या शब्दातील 'लाइब'चा आजचा अर्थ देह असला, तरी जुना अर्थ जीवित असा आहे. आपल्या 'पोटगी' व 'अन्नवस्त्र' या शब्दांशी यांची तुलना केली असता एक भेद स्पष्ट होतो. पोटगी दुसऱ्याकडून मिळते. 'आउसगेडिंगे' मात्र मालकाने देताना स्वतःजवळ ठेवलेला भाग आहे. तो घेणारा म्हातारा कोणाचा आश्रित नव्हे.

करारातील तपशील पाहिला म्हणजे ही केवळ शब्दांची बाब नव्हती हे कळते. वर्षाला राय किती मापे, दूध व लोणी किती, अंडी किती, सरपण किती आणि ते फोडून कोणी द्यायचे, कोणत्या झाडाची फळे म्हाताऱ्यांची, शेगडीजवळची जागा कोणाची, इतक्या बारकाव्याने कलमे घातली जात. राहण्यासाठी एखादी खोली किंवा अंगणापलीकडचे लहान घर असे. स्वित्झर्लंडच्या बर्न परगण्यात अशा घराला 'श्ट्योक्ली' म्हणतात. आजारपणातील सेवा आणि उत्तरक्रिया यांचाही उल्लेख अनेक करारांत आढळतो. हा बोजा जमिनीवर नोंदविला गेल्यास पुढे ती जमीन विकली गेली तरी विकत घेणाऱ्यावर तो बंधनकारक राही. कराराचे खरे बळ या नोंदीत होते. मुलगा मेला, सून पुनर्विवाह करून नवा धनी घरात आली, तरी म्हाताऱ्याचे दूध चालूच राहावयाचे.

ही पद्धती तेथेच का रुजली? पुष्कळ भागांत शेती अविभाज्य असून एकाच वारसाकडे जाई. शेती हाती आल्याशिवाय मुलाचे लग्न होत नसे, आणि जमीनदाराला सारा देणारा धडधाकट माणूस हवा असे. म्हणजे हस्तांतरणाचा एक निश्चित क्षण होता आणि त्या क्षणी घासाघीस करणे शक्य होते. आपल्याकडे मिताक्षरा पद्धतीत मुलाचा वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क जन्मतःच मानला गेला. असा क्षण फारसा येतच नसल्यामुळे असे करारपत्र लिहिण्याचा प्रसंगही क्वचितच येत असावा, असे मला वाटते. आपल्या पूर्वजांचे पुत्रप्रेम अधिक होते, एवढ्यावरून याचा उलगडा होणार नाही.

करार झाला म्हणून सुख लाभे असे नव्हे. लोण्याच्या वजनावरून तंटे होत. ग्रिम बंधूंच्या 1812च्या संग्रहात लाकडी वाडग्यात जेवावे लागणाऱ्या आजोबांची प्रसिद्ध कथा आहे. त्या आजोबांजवळ करारपत्र असल्याचे कथेत कोठेही दिसत नाही! शिवाय ज्यांच्याजवळ शेतीच नव्हती, त्या गडीमाणसांना राखून ठेवण्यासारखे काही नव्हतेच. शहरांत सधन नागरिक ल्युबेकच्या 1286मधील पवित्र आत्म्याच्या इस्पितळासारख्या संस्थांना एकरकमी पैसे देऊन आमरण निवास व अन्न विकत घेत. त्यात दीर्घायुष्याची जोखीम संस्थेकडे जाई.

बिस्मार्कच्या 1889च्या कायद्याने मजुरांना वार्धक्यवेतन मिळाले, पण वयाची अट 70 वर्षांची होती. शेतकऱ्यांसाठी पश्चिम जर्मनीत 1957मध्ये कायदा झाला. त्यात निवृत्तिवेतन हवे असल्यास शेती दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची अट होती. 'आल्टनटाइल'चाच आशय सरकारी कायद्यात शिरला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. ही अट घटना-न्यायालयाने 2018मध्ये घटनाबाह्य ठरविली. शुश्रूषेचा खर्च मात्र कुटुंबावर, आणि ते न झेपल्यास सार्वजनिक साहाय्यावर पडत राहिला. तो वाटून घेण्यासाठी 1995मध्ये सक्तीचा शुश्रूषा-विमा आला. प्रारंभी वर्गणी वेतनाच्या 1 टक्का होती, 1996मध्ये 1.7 टक्के झाली, आणि मालकांवरील भार भरून काढण्यासाठी सॅक्सनीखेरीज सर्व राज्यांनी एक धार्मिक सुटी रद्द केली. मुले वाढविणे हीदेखील या व्यवस्थेला दिलेली वर्गणीच होय, असे न्यायालयाने 2001मध्ये म्हटले; त्यावरून 2005पासून निःसंतान सभासदांना अधिक वर्गणी पडू लागली.

भारतात 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23व्या कलमाने हाच जुना प्रश्न पुढे आणला. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. परंतु अट लिहिलेली असली पाहिजे काय? सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये ती हस्तांतरणास जोडलेली असणे आवश्यक मानले. 2025च्या एका निकालात मात्र आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द झाले. सांभाळण्याचे वचन मुलाने त्याच दिवशी निराळ्या कागदावर लिहून दिले होते.