सुईने घडणारे नाक : शस्त्रक्रियेला पर्याय की तात्पुरती सोय?

प्रतिनिधी, मुंबई

‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण ज्या समाजात रुजली, त्या समाजात नाकाच्या ठेवणीला किती महत्त्व दिले जाते, हे वेगळे सांगायला नको. चाफेकळी नाकाचे हे आकर्षण आता उपनगरांतील दवाखान्यांपर्यंत पोहोचले आहे. अंधेरीत रुपेरी व छोट्या पडद्याशी संबंधित मंडळींपुरता मर्यादित समजला जाणारा उपचार आज बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधील मध्यमवर्गीय तरुण-तरुणींच्याही चर्चेचा विषय झाला आहे. ‘अर्ध्या तासात, शस्त्रक्रियेशिवाय सुबक नाक’ हे त्यामागील आश्वासन. ते पूर्णपणे खोटे नाही. मात्र ते अर्धेच सत्य आहे.

फिलर म्हणजे काय?

नाकासाठी प्रामुख्याने वापरला जाणारा फिलर हा हायलुरॉनिक ॲसिडचा जेल असतो. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांतही नैसर्गिकरीत्या असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. सुरकुत्या भरण्यासाठी या प्रकारच्या जेलला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. त्यापूर्वी प्राण्यांपासून मिळणाऱ्या कोलॅजेनचा वापर होत असे.

उपचाराच्या वेळी त्वचेवर बधिरतेचे मलम लावले जाते. अनेक फिलरमध्ये लिडोकेन हे भुलीचे औषधही मिसळलेले असते. त्यानंतर बारीक सुईने किंवा बोथट टोकाच्या कॅन्युलाने हाडाच्या व कूर्चेच्या लगत जेल भरतात. त्यासाठी साधारणतः एक मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी जेल पुरते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी कामावरही रुजू होतो.

काय साधते, काय नाही

फिलर भर घालू शकतो, काही काढून घेऊ शकत नाही, हे सूत्र ध्यानात ठेवावे. नाकाची बसकी पाठ उंच करणे, शेंडा किंचित उचलणे, किरकोळ वाकडेपणा झाकणे हे त्याने साधते. नाकावरील उंचवट्याच्या वर-खाली जेल भरल्यास रेषा सरळ भासते. उंचवटा मात्र तेथेच राहतो. मोठे नाक लहान करणे, रुंद नाकपुड्या अरुंद करणे किंवा मधला पडदा वाकडा असल्याने होणारा श्वासाचा त्रास दूर करणे फिलरला शक्य नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते.

शिवाय हा परिणाम कायमचा नसतो. साधारणपणे सहा महिने ते दीड वर्षात तो ओसरतो आणि पुन्हा खर्च करावा लागतो. शस्त्रक्रियेत खर्च एकदम होतो, भूल द्यावी लागते, सुमारे आठवडाभर नाकावर आधारपट्टी राहते आणि सूज पूर्ण उतरण्यास वर्षही लागू शकते. पण परिणाम टिकाऊ असतो. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कोणत्याही उपचाराचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही.

खरा धोका कोठे?

किरकोळ सूज, लाली वा काळेनिळे डाग काही दिवसांत जातात. गंभीर धोका रक्तवाहिन्यांचा आहे. नाकाच्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. जेल चुकून धमनीत शिरला आणि दाबामुळे मागे ढकलला गेला, तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटून अंधत्व येऊ शकते. असे क्वचित घडते. पण गेलेली दृष्टी परत येण्याची शक्यता अत्यल्प असते. रक्तपुरवठा खंडित झाल्याने नाकाची त्वचा मृत होण्याचाही धोका असतो. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या नाकात हा धोका अधिक असतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फिलर रक्तवाहिनीत जाण्याच्या धोक्याबाबत २०१५ मध्ये इशारा दिला होता. गाल, ओठ, हनुवटी यांसाठी या प्रशासनाची फिलरना मान्यता आहे, नाकासाठी नाही. तेथेही डॉक्टर हा वापर आपल्या जबाबदारीवरच करतात.

हायलुरॉनिक ॲसिडची जमेची बाजू अशी की, हायलुरोनिडेज हे विकर टोचून ते विरघळवता येते. हे औषध दवाखान्यात तयार असणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. कॅल्शियमयुक्त फिलर त्याने विरघळत नाहीत, तर सिलिकॉनसारखे कायमस्वरूपी पदार्थ टोचणे घातकच. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नाकात पॅराफिन टोचण्याची लाट आली होती. त्यातून गाठी आणि विद्रूपता वाट्याला आली, तेव्हा ती ओसरली.

पुण्याचा वारसा

नाकाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मानाचे आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेला इंग्रज फौजेतील कावसजी नावाचा मराठी बैलहाक्या वर्षभराने पुण्याजवळ एका देशी वैद्याकडे आला. वैद्याने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तान्त छापला. त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्पू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. कावसजीच्या बाबतीत प्रश्न सौंदर्याचा नव्हे, गेलेली अब्रू परत मिळवण्याचा होता. आज जोखीम पत्करण्यापूर्वी गरज किती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवे.

उपचारापूर्वी हे विचारा

* डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा त्वचाविकारतज्ज्ञ आहेत का? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का? कार्यशाळा वा यूट्यूब पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ब्युटी पार्लरमध्ये हा उपचार कदापि घेऊ नये.
* फिलर कोणता? सीलबंद सिरिंज आपल्यासमोर उघडली जाईल का? तिच्यावरील नाव, बॅच क्रमांक व मुदत लिहून घ्यावी.
* हायलुरोनिडेज दवाखान्यात आहे का? आणीबाणीत नेत्रतज्ज्ञाकडे नेण्याची व्यवस्था काय?
* गर्भवती व स्तनदा माता, चेहऱ्यावर जंतुसंसर्ग असलेले रुग्ण आणि अल्पवयीन मुले यांनी हा उपचार टाळावा. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास किंवा लिडोकेनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

उपचारानंतर तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणे, जाळीसारखे जांभळट डाग किंवा धूसर दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास सकाळची वाट पाहू नये; तत्काळ डॉक्टरांकडे जावे. बधिरतेच्या औषधामुळे सुरुवातीला वेदना जाणवतही नाहीत, म्हणून त्वचेच्या रंगावर लक्ष ठेवावे. दृष्टीच्या बाबतीत वेळ तासांत नव्हे, मिनिटांत मोजावी लागते.