पाठीखालची थंडी

थंडीत तंबूत झोपायला दोन वस्तू लागतात: अंगावर घ्यायला स्लीपिंग बॅग आणि अंगाखाली घालायला मॅट. स्लीपिंग बॅग किती थंडीपर्यंत पुरेल हे ठरवणारी युरोपीय प्रमाणपद्धत २००२ साली आली. मॅटची उष्णता अडवण्याची ताकद मोजण्याची अशी पद्धत यायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं. यातली गंमत अशी की बॅगेच्या चाचणीत थंड खोलीत तापवलेला पुतळा बॅगेत घालून निजवतात, तेव्हा त्याच्या पाठीखाली चांगली उष्णतारोधक मॅट असते. म्हणजे पांघरुणाला जो आकडा मिळाला तो अंथरुणाच्या जोरावर मिळाला, आणि अंथरुणाला स्वतःचा आकडा नव्हता. हा उशीर मला योगायोग वाटत नाही. हवा भरायच्या मॅटकडे आपण फार काळ मऊपणाची सोय म्हणून पाहिलं. तिचा इतिहास नीट पाहिला तर मऊपणाचा प्रश्न पहिल्या फटक्यात सुटलेला दिसतो. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं खर्ची पडली ती उष्णता अडवण्यात, आणि त्यातली बरीचशी ती नेमकी कुठून निसटते हे कळण्यात.

थंड मुलुखातल्या लोकांना हे आकड्यांशिवाय ठाऊक होतं. इन्युइट लोक बर्फाच्या घरात झोपायच्या ओट्यावर कॅरिबूची कातडी दोन थरांत अंथरत, खालचं केस खाली करून आणि वरचं केस वर करून. सामी लोक तंबूच्या जमिनीवर बर्च झाडाच्या डहाळ्या पसरून त्यावर रेनडिअरची कातडी टाकत. या जनावरांच्या केसांच्या आतही हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे वजन पडलं तरी थोडी हवा अडकून राहतेच. आपल्याकडे मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराची घोंगडी अंगावर तितकीच अंगाखालीही असते. तिची जाड, खरखरीत लोकर दबून सपाट होत नाही, हा तिचा मोठा गुण. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: हवा आहे, पण ती हजारो कप्प्यांत कोंडलेली आहे. अडचण वजनाची. कातड्यांचा ढीग घसरगाडीवरून ओढता येतो, पाठीवर घेऊन कडा चढता येत नाही.

त्यावर तोड निघाली ती रबराची. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थात विरघळवलेलं रबर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. जे कापड पाणी आत येऊ देत नाही त्याच्या पिशवीत हवाही कोंडता येते, हे लवकरच लक्षात आलं. कच्चं रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट होई. गंधक आणि उष्णता वापरून ते स्थिर करण्याची चार्ल्स गुडइयरची रीत १८४० च्या दशकात रूढ झाली आणि हवेची गादी टिकाऊ झाली. पण ती विकली गेली ती मुख्यतः घोड्याच्या केसांच्या गादीला पर्याय म्हणून, बोटींवर आणि आजाऱ्यांसाठी. फ्रान्सिस गॉल्टनने १८५५ च्या आपल्या प्रवासविद्येच्या पुस्तकात जमिनीवर झोपताना कमरेच्या हाडासाठी खळगा करायला सांगितलं होतं. हवेच्या गादीने तो खळगा प्रवाशाबरोबर नेता येईल असा केला. हाड टोचायचं थांबलं. पाठ मात्र गारच राहिली.

ती गार का राहिली, हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. स्थिर हवेसारखी उष्णतारोधक गोष्ट मिळणं कठीण. उष्णता अडवण्याची ताकद सांगायला मॅटसाठी आज जे ‘आर’ मूल्य वापरतात त्या मापात पाच सेंटिमीटर पूर्ण स्थिर हवेचं मूल्य ११ च्या आसपास निघतं. प्रत्यक्षात आत काहीच न भरलेली, तेवढ्याच जाडीची हवेची गादी कशीबशी १ पर्यंत जाते. मग बाकीचे दहा कुठे गेले? ठरलेलं उत्तर असं की आतली हवा फिरते. त्यावर जाणकार वाचक हरकत घेईल आणि ती रास्त आहे: गरम हवा वर राहते, इथे गरम बाजू वरच आहे, मग हवा फिरेल कशी? मॅट सपाट असती आणि माणूस दगडासारखा पडून राहिला असता तर ती फारशी फिरलीही नसती. पण माणूस कूस बदलतो, खांद्याखालची हवा पायाकडे ढकलली जाते, आणि मॅटच्या कडा थंडीत उघड्या असतात. तरीही एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. चोरी होते ती दुसऱ्या वाटेने. मॅटचा वरचा गरम पापुद्रा खालच्या थंड पापुद्र्याकडे सतत उष्णतेचे किरण फेकत असतो, आणि मधली हवा कितीही स्थिर असली तरी ती त्यांना अडवत नाही. गणित मांडलं तर एकट्या या किरणांमुळे साध्या पोकळ मॅटचं मूल्य सव्वाच्या फार पुढे जाऊच शकत नाही. तिची जाडी पाचची दहा सेंटिमीटर केली तरी यात फरक पडत नाही, कारण किरणांना अंतराशी देणंघेणं नाही. दुकानात जाड मॅट दाबून ‘ही उबदार दिसते’ म्हणणारा ग्राहक फसतो तो इथे.

याचा शरीरावर काय परिणाम होतो तेही ढोबळपणे मांडता येतं. झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण सत्तर-ऐंशी वॅट उष्णता निर्माण करतं. कातडीचं तापमान ३३ अंश सेल्सिअस, खालच्या बर्फाचं उणे ५ आणि टेकलेला भाग चौरस मीटरच्या चार दशांश धरला, तर १ मूल्याच्या मॅटमधून ऐंशीहून अधिक वॅट जमिनीत जातात. म्हणजे सगळी कमाई खालीच गेली. ५ मूल्याच्या मॅटमधून जातात सतरा-अठरा. यावर कोणी म्हणेल की स्लीपिंग बॅगेचा खालचा थर आहेच की. आहे, पण पिसं असोत की कृत्रिम तंतू, त्यांची ऊब फुगण्यात असते, आणि माणसाच्या वजनाखाली ती फूग चेपून जाते. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेल्या बॅगेतली पाठीखालची पिसं रात्रभर जवळजवळ बिनकामाची पडून असतात.

असं असूनही गिर्यारोहकांनी हवेची गादी सोडली नाही, कारण तिच्याइतकं थोडक्यात गुंडाळलं जाणारं दुसरं काही नव्हतं. २८ मे १९५३ च्या रात्री एव्हरेस्टवर सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर हिलरी आणि तेनसिंग यांनी बर्फ-खडक उकरून दोन पायऱ्यांची जागा केली. तेनसिंगने खालच्या पायरीवर, अर्धवट उताराबाहेर लोंबकळणारी आपली हवेची गादी पसरली. पहाटे तापमान उणे २७ अंश होतं. पुढच्या दशकात बंद पेशींच्या फोमच्या मॅट आल्या, आणि ब्रिटनमध्ये कॅरीमॉर कंपनीची कॅरीमॅट इतकी चालली की सह्याद्रीतले ट्रेकर आजही कुठल्याही गुंडाळीला कॅरीमॅटच म्हणतात. या फोममध्ये प्रत्येक बुडबुडा वेगळा बंद असतो. हवा फिरत नाही, किरणांना वाटेत शेकडो भिंती लागतात, काटा लागला तरी काही बिघडत नाही. फक्त ही मॅट पातळ असते आणि आवळली तरी लहान होत नाही.

दोन्हींचा मेळ घालण्याचं श्रेय सिएटलला जातं, आणि त्याला कारण झाली एक मंदी. १९७१ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाचा निधी तोडला. ते विमान बनवणाऱ्या बोइंगने त्याआधीच सुरू केलेली नोकरकपात शिगेला पोचली, आणि शहरातून शेवटी जाणाऱ्याने दिवे मालवावेत असा फलक त्या वर्षी सिएटलमध्ये लागला. काम गेलेल्यांत जिम ली आणि नील अँडरसन हे अभियंते होते. कंपनी सांगते ती कथा अशी: ली बागेत फोमच्या उशीवर गुडघे टेकून काम करत असताना दाबाबरोबर उशीतून हवा फुसकन बाहेर पडते हे त्याच्या ध्यानात आलं. या फोमला हवाबंद कापड चिकटवून एक झडप बसवली तर? कापड आणि फोम एकजीव करण्याचे पहिले प्रयोग सँडविच भाजण्याच्या यंत्रावर झाले, असंही सांगतात. जॉन बरोज या गिर्यारोहक मित्राला घेऊन त्यांनी १९७२ मध्ये कॅस्केड डिझाइन्स काढली, आणि तिची थर्म-अ-रेस्ट मॅट झडप उघडली की आपोआप फुगू लागली. तो आपोआप फुगण्याचा भाग जाहिरातीला फार उपयोगी पडला. खरं काम फोम करत होता. तो हवेला जागच्या जागी धरून ठेवत होता आणि किरणांच्या आड येत होता. विमानं बांधणाऱ्यांना हे सुचावं यात नवल नाही.

फोमच्या जागी पिसं भरण्याचं धाडस जॅक स्टीफन्सनने त्याच काळात अमेरिकेत केलं, आणि पुढे स्वित्झर्लंडच्या एक्सपेडने ते घरोघरी नेलं. अंगाखाली चेपणारी पिसं इथे चेपत नाहीत, कारण भार हवा पेलते. पण तोंडाने फुंकलं की श्वासातली वाफ आत जाते. पन्नास लिटरच्या मॅटमध्ये एका वेळी दीड-दोन ग्रॅम पाणी. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण रोज रात्री तेवढंच आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते, म्हणून अशा मॅटबरोबर फुंकण्याऐवजी हवा भरायची पिशवी आली. ती पिशवी आज बिनपिसांच्या मॅटबरोबरही मिळते आणि ती वापरावी हेच बरं.

किरणांवरचा थेट उपाय मात्र डोंगराशी संबंध नसलेल्या ठिकाणी आधीच सापडला होता. जेम्स ड्युअरने १८९२ मध्ये द्रवरूप वायू साठवण्यासाठी दुहेरी भिंतीची काचेची सुरई केली. मधली हवा काढून घेतलीच, शिवाय भिंतींना चांदीचा मुलामा दिला, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण फारसे फेकतही नाही आणि घेतही नाही. घरातला थर्मास हा तिचाच वंशज. १९६० च्या दशकात नासाच्या कामातून धातूचा पातळ मुलामा दिलेलं प्लास्टिक आलं, आणि २००९ मध्ये थर्म-अ-रेस्टने असे पापुद्रे हवेच्या मॅटच्या पोटात त्रिकोणी कप्प्यांच्या जाळीसह बसवले. ती निओएअर साधारण चारशे ग्रॅमची होती. फोम नाही, पिसं नाहीत, तरी मूल्य अडीच. तीन वर्षांनी आलेल्या एक्सथर्ममध्ये पापुद्रे वाढवले आणि वजन जेमतेम वाढून मूल्य दुपटीपलीकडे गेलं. कूस बदलली की आत पापुद्रे कुरकुरतात आणि शेजाऱ्याची झोप मोडते, ही तक्रार खरी आहे. तेवढी किंमत मोजावी असं माझं मत.

मूल्य मोजण्याची कल्पना मूळची घरबांधणीतली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बांधकाम-संशोधन करणाऱ्या एव्हरेट शुमनने १९४५ मध्ये भिंतींसाठी ती सुचवली होती. मॅटच्या कंपन्या तिचा वापर करू लागल्या तेव्हा प्रत्येकीची मोजायची रीत निराळी होती. २०१८ च्या एएसटीएम एफ३३४० या प्रमाणाने गरम आणि थंड पाट्यांमध्ये ठराविक दाबाने फुगवलेली मॅट ठेवून मोजायची एकच रीत घालून दिली, आणि २०२० पासून मोठ्या कंपन्या ती वापरू लागल्या. तेव्हा जुन्या मोजणीत ५.७ असलेली एक्सथर्म ६.९ ठरली. मॅट तीच, आकडा दुसरा. या पद्धतीवर आक्षेप आहे की सपाट पाटा म्हणजे माणूस नव्हे: तो लोळत नाही, त्याचा खांदा रुतत नाही. हे कबूल. म्हणून हा आकडा ‘मला किती ऊब लागेल’ याचं उत्तर देत नाही. दोन मॅटमधली कोणती अधिक उष्णता अडवते याचं तो देतो, आणि दुकानात उभं असताना तोच प्रश्न असतो. शिवाय ही मूल्यं बेरजेने वाढतात, आणि निवडीत मला हाच भाग सर्वांत उपयोगी वाटतो.

सह्याद्रीत जानेवारीतही पारा पाच अंशांखाली क्वचित जातो, तिथे २ मूल्याची फोमची मॅट पुरते आणि करवंदीच्या जाळीपाशी तीच जास्त भरवशाची. डिसेंबरात केदारकंठाला बर्फावर झोपायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गटाला ५ च्या आसपास हवं. सात मूल्याची महाग मॅट घेण्याऐवजी घरातली फोमची खाली आणि साडेतीन-चारची हवेची वर घातली तर बेरीज साडेपाच-सहा होते, आणि हवेची फुटली तरी रात्र निभावते. मध्यरात्री मॅट मऊ पडली म्हणून लगेच भोक शोधत बसू नये. २० अंशांवर भरलेली हवा उणे ५ ला आली की जवळजवळ बारावा हिस्सा आकसते. झोपण्याआधी, मॅट गार झाल्यावर, पुन्हा थोडी भरून घ्यावी.

राहता राहिल्या त्या स्वस्त मॅट, ज्यांच्यावर मूल्याचा आकडा छापलेला असतो पण कोणत्या प्रमाणाने मोजला ते नसतं. तिथे आकडा विसरून आत काय आहे ते विचारावं. झडप उघडून उजेडात धरली, हाताने चोळली की तंतू, फोम किंवा चकचकीत पापुद्रा आहे की नाही ते बहुधा कळतं. यातलं काहीच नसेल तर ती दहा सेंटिमीटर जाड असली तरी १ मूल्याचीच धरावी आणि बर्फावर नेऊ नये.