चिरुटाची घट्ट ओढ

लढाया, तह आणि किल्ले जरा बाजूला ठेवू. आजचा विषय वीतभर लांबीचा आहे, पण त्यात एका देशाची अब्रू गुंतली होती.

चिरूट पेटवला, गाल आत जाईपर्यंत ओढला आणि तोंडात धूर जेमतेम आला, तर शौकीन त्याला ‘टाइट ड्रॉ’ म्हणतात. आपण ‘ओढ घट्ट आहे’ म्हणू. असा चिरूट जोर लावून ओढला की निखारा फाजील तापतो आणि धूर कडू लागतो. जोर कमी केला की विझतो. तंबाखू कितीही उंची असो, पैसे पाण्यात. नळी तुंबलेली असेल तर रायफल कुठल्या कारखान्यात बनली याला काय किंमत?

बहुतेक वेळा दोष पानाचा नसतो, हाताचा असतो. हाताने वळलेल्या चिरुटाच्या पोटात अख्खी, लांब पानं असतात. क्यूबात त्यांची तीन मुख्य नावं आहेत: जळण टिकवणारं व्होलादो, सुवास देणारं सेको आणि कडकपणा आणणारं लिखेरो. लिखेरो सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध ठेवायचं. कारागीर प्रत्येक पान हलकेच दुमडून मुठीत जमवतो, म्हणजे पानापानांत हवेच्या बारीक वाटा राहतात. त्यावर बांधणीचं पान, मग साच्यात दाब आणि शेवटी बाहेरचं गुळगुळीत पान. मूठ भरताना पानं पिळली गेली, एखादी जाड शीर आत राहिली किंवा मधे एक पान जास्त पडलं, तर आत गाठ बसते. वरून काही दिसत नाही. बाहेरचं पान चढल्यावर चांगला आणि बुजलेला चिरूट शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळणार नाही. इथेच सगळी मेख आहे.

हवानाच्या कारागिरांची परंपरा साधी नव्हे. 1865 पासून तिथल्या कारखान्यांत एक माणूस उंच जागी बसून कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवू लागला. स्पॅनिश सरकारला या वाचनाची इतकी धास्ती वाटली की पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. प्रथा मात्र टिकली. माँटेक्रिस्टो हे नाव अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ते या वाचनामुळेच असं मानतात. कान कादंबरीत आणि बोटं तंबाखूत, अशी ही माणसं. असा हात तयार व्हायला वर्षं लागतात.

आणि 1990 च्या दशकात नेमकी वर्षंच हाताशी नव्हती. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचा आधार गेला. इंधन नाही, खत नाही. तंबाखूचं पीकही घटलं. त्याच सुमारास अमेरिकेत चिरुटाची लाट उसळली. 1962 पासूनच्या निर्बंधांमुळे क्यूबाचा माल तिथे उघडपणे विकता येत नव्हता, पण लाट काही एका देशात थांबत नाही. युरोपातही मागणी वाढली. डॉलरसाठी आसुसलेल्या क्यूबाने नवे कारखाने उघडले, नवशिक्यांना घाईने बाकांवर बसवलं आणि काही वर्षांत उत्पादन दुपटीहून जास्त वाढवलं. आम्हा फौजी लोकांना हे चित्र ओळखीचं आहे. युद्ध लागलं की भरती वाढवता येते, पण अनुभवी हवालदार भरतीने मिळत नाही.

परिणाम 1999-2000 च्या सुमारास दिसला. मोठ्या नावाच्या, महागड्या पेट्यांतून बुजलेले चिरूट निघू लागले. गिऱ्हाइकाने एका पेटीतले दोन-चार फेकून दिले की तो पुढची पेटी दुसऱ्या देशाची घेतो, आणि शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिक आणि निकाराग्वामध्ये उत्तम वळणारे हात होते. त्यांतले बरेच क्रांतीनंतर क्यूबा सोडून गेलेल्यांचेच!

इलाज सापडला तो यंत्रात. नव्या शतकाच्या सुरुवातीला हवानाच्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रं आली. बाहेरचं पान चढवण्याआधी साच्यातली मूठ यंत्राला लावायची, त्यातून हवा खेचायची आणि अडथळा किती ते काट्यावर पाहायचं. नापास झाली तर तिथेच उलगडून पुन्हा वळायची. वळायचं काम हातानेच, फक्त परीक्षक बदलला. मला यात क्यूबाचं शहाणपण दिसतं. चूक झाकणारं पान चढण्याआधीच तपासणी ठेवली.

याच अडचणीवर ऑस्ट्रियाने फार आधी, अगदी शेतकरी डोक्याचा तोडगा काढला होता. तिथल्या ‘व्हर्जिनिया’ जातीच्या लांब, काटकुळ्या चिरुटातून गवताची एक काडी आरपार घातलेली असते. पेटवण्याआधी ती ओढून काढायची की हवेला सरळ वाट तयार. सम्राट फ्रान्झ जोसेफ हेच ओढायचा. रायफलची नळी साफ करायच्या दोरीची आठवण होते ना? आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या उरैयूर भागातले चिरूट प्रसिद्ध होते. तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. इंग्रजांचा ‘चेरूट’ तिथलाच आणि आपला ‘चिरूट’ही त्याच घरातला. दोन्ही टोकं उघडी, आकार सरळसोट, त्यामुळे टोक कापायची भानगडच नाही.

आता घट्ट चिरूट हाती आलाच तर? पहिला संशय दमटपणावर घ्यावा. पान ओलावा पिऊन फुगतं आणि वाटा बंद होतात. मुंबई किंवा कोचीच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला चिरूट हमखास असा वागतो. तो काही दिवस कोरड्या जागी ठेवला की पुष्कळदा सुधारतो. नाही सुधारला तर बोटांनी चाचपून कडक जागा शोधावी आणि तिथे हलक्या हाताने चोळावं. गाठ टोकाशी असेल तर आणखी थोडं कापावं. शेवटी लांब, बारीक सुई मधोमध सावकाश फिरवत घालावी. घाई केली तर बाहेरचं पान फाटतं आणि मग काहीच उरत नाही.

विन्स्टन चर्चिल हे काम पेटवण्याआधीच करायचा. 1895 मध्ये क्यूबातलं युद्ध पाहायला गेलेल्या या तरुण अधिकाऱ्याला हवानाच्या चिरुटाची गोडी तिथे लागली. पुढच्याच वर्षी तो आपल्या पलटणीबरोबर मुंबईला ससून डॉकवर उतरला, उतरताना खांदा दुखावून घेतला आणि पुण्यावरून बंगळूरला गेला. उतारवयात तो चिरुटाचं टोक कापत नसे. टोक ओलं करून लांब लाकडी काडीने त्यात भोक पाडायचा आणि मग चिरूट उलटा धरून दुसऱ्या टोकाने फुंकर मारून वाट मोकळी आहे का ते बघायचा.