बाळगुटी आणि गोल बाजार

तान्ह्या बाळाचे पोट फुगले वा मुरडा आला की मराठी घरांत बाळगुटी उगाळली जाई. रायपुरातही हीच रीत, कारण ते १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. तिथल्या मराठी कुटुंबांना बाळगुटीसाठी हिरडा, बेहडा जवळच्या जंगलांतलाच मिळे. रायपूरच्या गोल बाजारात जडीबुटी आजही मिळते. मुरडशेंग, वेखंड, सुंठ सहाणेवर आईच्या दुधात उगाळायची आणि मात्रा वेढ्यांनी, म्हणजे उगाळण्याच्या फेऱ्यांनी मोजायची. हिरड्याचा एखादा वेढा जास्त झाला की बाळाला जुलाब ठरलेले. तिकडे इंग्लंडात १८५१ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी बाळांसाठी ग्राइप वॉटर काढले. त्यात शेपाचे तेल, सोडा, साखर आणि चक्क मद्यार्क असे. मूल शांत होई यात नवल नाही! मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया तर अफूची बाळागोळी देत. आता बालरोगतज्ज्ञ सहा महिने फक्त आईचे दूध द्यायला सांगतात. शिवाय अस्वच्छ सहाणेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.