शिरस्त्वचेचे पुनर्रोपण : वाचकांसाठी प्रस्तावना

मळणीयंत्र, कडबाकुट्टी, गिरणीचा पट्टा, होडीच्या इंजिनाचा उघडा दांडा. अशा फिरत्या भागात लांब केस अडकले, की क्षणार्धात डोक्याची त्वचा केसांसकट सोलून निघते. कधी भुवया आणि कानाचा भागही तिच्याबरोबर जातो. अशा अपघातांत सापडतात त्या बहुतांशी स्त्रिया आणि मुली. विषय ऐकूनच मन मागे सरते, याची मला जाणीव आहे. तरीही वाचकांनी इथेच थांबू नये, अशी विनंती आहे. कारण इतकी भीषण जखम इतकी चांगली भरून काढता येते, असे शल्यशास्त्रात क्वचितच घडते.

हे का शक्य होते, ते त्वचेच्या रचनेत दडलेले आहे. कवटीवर पाच थर असतात. त्यांतला चौथा सैल असतो, म्हणून डोक्याला तेल चोळताना त्वचा हाडावरून सरकते. जोराची ओढ बसली की याच थरातून वरचे तीन थर एकसंध सुटतात. रक्तवाहिन्या दुसऱ्या, घट्ट थरात असतात. तुटल्यावर त्या आकसत नाहीत, म्हणून रक्त फार जाते. पण त्या एकमेकींशी इतक्या जोडलेल्या असतात, की कानासमोरून वर जाणारी एकच धमनी आणि एखादी शीर नीट जुळली, तरी संपूर्ण शिरस्त्वचा जगू शकते. पुढचे सारे या एका गोष्टीवर उभे आहे.

ती हाती येण्यापूर्वीचा काळ कठीण होता. अठराव्या शतकात अमेरिकेच्या सीमाभागात, लढाईत शिरस्त्वचा गमावूनही वाचलेल्यांच्या उघड्या हाडाला आरीने बारीक छिद्रे पाडत, म्हणजे त्यांतून मांसांकुर वर येत. टेनेसीतील जेम्स रॉबर्टसन यांनी लिहिलेली ही पद्धत 1806 मध्ये छापली गेली. पुढे त्वचारोपणाने जखम झाकता येऊ लागली, पण केस परत येत नसत. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आल्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या वाहिन्या केसाहून बारीक धाग्याने शिवणे साधले, आणि 1976 मध्ये मिलर व सहकाऱ्यांनी यशस्वी पुनर्रोपणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या इतिहासात भारताचे स्थान अभिमानाचे आहे. 1994 मध्ये पंजाबातील नऊ वर्षांच्या मुलीची वेणी यंत्रात अडकून चेहरा आणि शिरस्त्वचा दोन तुकड्यांत निघाली. घरच्यांनी ते तुकडे पिशवीतून आणले, आणि लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. अब्राहम थॉमस व सहकाऱ्यांनी ते परत जोडले. संपूर्ण चेहऱ्याच्या पुनर्रोपणाचे हे जगातील पहिले यश मानले जाते. माझ्या मते त्याचे निम्मे श्रेय ती पिशवी आणणाऱ्यांना जाते.

म्हणून नव्या वाचकाने आरंभ शस्त्रक्रियागृहापासून न करता अपघातस्थळापासून करावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे. निघालेली त्वचा, कितीही मळलेली असो, टाकायची नाही. सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायची, पिशवीचे तोंड बंद करायचे आणि ती बर्फावर ठेवायची. त्वचेला बर्फाचा थेट स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्यानंतर तुम्ही शस्त्रक्रियेकडे वळलात, की धमनीपेक्षा शिरा जोडणे अधिक नाजूक का असते, रक्त साचून त्वचा निळी पडली तर आजही जळवा का लावतात, हे आपोआप उलगडत जाईल.

प्रतिबंधाचा भाग मात्र कुणीही वगळू नये. ॲमेझॉनच्या खोऱ्यात होड्यांच्या उघड्या दांड्यांनी असंख्य मुली जखमी झाल्या. ब्राझीलने 2009 मध्ये कायदा करून ते भाग झाकणे बंधनकारक केले. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यानेही यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण सक्तीचे केले होते, पण शेतातले यंत्र बहुधा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. वाचताना एखादी संज्ञा निसटली तरी हरकत नाही. तुमच्या गावातल्या मळणीयंत्राचा पट्टा झाकलेला आहे का, तेवढे मात्र जरूर पाहा, आणि तिथे काम करणाऱ्या बायकांना पिशवी आणि बर्फाची ही रीत सांगा.